पाचशे रुपयांत विकत घेतलेलं खोटं



मैत्रिणींनो, आज जरा स्पष्ट बोलणार आहे. आपल्या घराघरांत एक वाक्य फार सहज बोललं जातं, "जाऊ दे, भरून टाकू." विषय असतो नो-पार्किंगच्या ई-चलानाचा. चलान बरोबर आहे की चूक, हे कोणी बघतही नाही. मोबाइलवर मेसेज येतो, दोन मिनिटांत पैसे जातात, आणि वर त्याला क्षमेचं नाव दिलं जातं. "आपण जैन माणसं, आपण कशाला पोलिसांशी वाद घालायचा?" मला हे पटत नाही. चूक नसताना दंड भरणं ही क्षमा नाही, धर्म तर मुळीच नाही.

तत्त्वार्थसूत्राचा स्वाध्याय आपल्यापैकी बऱ्याच जणींनी केला आहे. सत्याणुव्रताचे पाच अतिचार आठवा. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख करणं. न केलेल्या गुन्ह्याचा दंड भरला की काय होतं? गाडीचा नंबर, तारीख, जागा, कलम, आणि तडजोडीची रक्कम भरल्याची नोंद. लेख दुसऱ्याने लिहिला हे खरं, पण पैसे भरून त्याला मान्यता आपण दिली. क्षमा माणसाला करायची असते. खोट्या नोंदीला कसली क्षमा? ती दुरुस्त करायची असते.

आता आपल्या बाजूचं बोलू. स्कूटर आपण चालवतो, पण बहुतेक घरांत ती ह्यांच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर असते. नोंदवलेला मोबाइल नंबरही त्यांचाच. म्हणजे मेसेज जातो दुकानात गल्ल्यावर बसलेल्या माणसाला. तो गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता पैसे भरून मोकळा होतो. फोटो आपल्याला दिसतच नाही. मग दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले की शेरा येतो, "आज परत पाचशे गेले. बायकांना गाडी लावताच येत नाही." झालं! ना चौकशी, ना पुरावा, आणि घराच्या वहीत आपलं नाव गुन्हेगार म्हणून लागलं. पाचशे रुपयांपेक्षा हे मला जास्त लागतं.

आणि प्रश्न पाचशेवरच थांबत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या गुन्ह्याला १५०० रुपयांपर्यंत. आज निमूटपणे भरलेलं खोटं चलान उद्या "पहिला गुन्हा" म्हणून आपल्यासमोर उभं राहू शकतं.

माझंच उदाहरण सांगते. आमच्या शहरात बाजारपेठेच्या रस्त्याला पी-१, पी-२ च्या पाट्या आहेत. विषम तारखेला एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या बाजूला. मी १४ तारखेला पी-२ च्या बाजूला स्कूटर लावली होती. तरी चलान आलं. सुदैवाने ह्यांनी भरायच्या आधी मला दाखवलं. फोटोत माझी नंबरप्लेट, मागचं चाक आणि मागच्या दुकानाचं अर्धं शटर. पाटी कुठेच नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच शटरचा आणि शेजारच्या पाटीचा एकत्र फोटो काढला, आणि ऑनलाइन तक्रार केली. एका ओळीचं उत्तर आलं की चलान योग्य आहे. कारण काहीच नाही. मग दोन्ही फोटो छापले, अर्ज लिहिला आणि वाहतूक शाखेत नेऊन दिला. पोच घेतली. तिथल्या साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले, शटर जुळवलं, तारीख पाहिली. चलान रद्द झालं.

"एवढा वेळ घालवलास, पाचशेसाठी?" असं मला आमच्या मंडळातल्याच दोघींनी विचारलं. बाई गं, साडीच्या दुकानात पन्नास रुपये कमी करायला आपण अर्धा तास घालवतो! धान्य दाणा न् दाणा बघून निवडतो, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. मग आपल्यावरचा आरोप तेवढा न निवडता, न गाळता कसा गिळतो?

वाद घालायचा म्हणजे भांडायचं नाही. उन्हात उभ्या असलेल्या हवालदाराचीही एक बाजू असते. अनेकांत आपल्याला तेच शिकवतो. त्याला घाई असेल, पाटी झाडाच्या फांदीआड गेली असेल. आवाज चढवू नका, ओळखी सांगू नका, कोणाला फोन लावू नका. कषाय बाजूला ठेवून फक्त पुरावा पुढे ठेवा.

आता नाण्याची दुसरी बाजूही बोलायला हवी, नाहीतर मला हे लिहायचा हक्क नाही. पर्युषणात, दशलक्षणात मंदिराच्या गल्लीत आपल्या गाड्या कशा उभ्या असतात? समोरच्या घराचं फाटक अडलेलं, रिक्षा वळायला जागा नाही. तिथे चलान आलं तर तक्रार करू नका. "लोकअदालतीत कमी होईल" म्हणून वाट बघत बसू नका. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, म्हणजे राज्याचे नियम मोडून वागणं. चूक असेल तर पूर्ण दंड भरा, त्याच दिवशी भरा. खरं चलान नाकारणं आणि खोटं चलान स्वीकारणं, दोन्हींत व्रताला डाग लागतोच.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतं. फोटो मोठा करून बघा. गाडी आपलीच आहे का? नंबरातला ३ कोणी ८ तर वाचला नाही ना? तारीख, वेळ, जागा जुळते का? जागेवर जाऊन पाटीचा फोटो काढा आणि मगच तक्रार करा. तोवर पैसे भरू नका. तक्रार फेटाळली तर कोर्टात म्हणणं मांडता येतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राच्या नियमांत एक तरतूद घातली होती: सूचना १५ दिवसांत पाठवायची आणि चलान निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवायचा.

आणि घरात एक नियम करा. गाडी जी चालवते, तिने फोटो पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरायचा नाही. ह्यांना, मुलाला, सासऱ्यांना प्रेमाने पण ठामपणे सांगा, "आधी मला दाखवा. चूक माझी असेल तर माझ्या पैशातून भरेन. नसेल तर कोणीच भरणार नाही."

जय जिनेंद्र.