ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे

वाचकहो, दिवाळीचा हंगाम संपला, वहीपूजन झाले आणि दुकानाला चार दिवस उसंत मिळाली, की व्यापारी कुटुंबांचे पाय प्रवासाकडे वळतात. गेल्या कार्तिकात आम्हीही निघालो. माझे थोरले बंधू, ज्यांना सारे घर दादा म्हणते, वहिनी, माझी पत्नी आणि मी, असे चौघे. दादांचे वय अडुसष्ट. चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवून त्यांनी त्याच वर्षी गल्ल्याच्या किल्ल्या पुतण्याच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, हाती दिल्या होत्या. त्यांना हिमशिखरे दाखवावी, ही माझी इच्छा.

दार्जिलिंगजवळ मानेभंजन नावाचे छोटे गाव आहे. तेथून सिंगालीला पर्वतरांगेच्या माथ्यावरील संदकफूपर्यंत सुमारे ३१ किलोमीटरचा रस्ता जातो. संदकफूची उंची ३,६३६ मीटर; पश्चिम बंगालमधील ते सर्वांत उंच ठिकाण. एवढ्याशा अंतरात गाडीला सुमारे दीड हजार मीटर चढावे लागते. काही भागात आता काँक्रीट झाले असले, तरी अवघड चढ आणि एकापाठोपाठ एक येणारी आखूड वळणे तशीच आहेत. येथे चारही चाकांना जोर पुरविणारी गाडीच चालते. म्हणूनच १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्या या गावाने जिवापाड जपल्या आहेत. आता त्यांच्या जोडीला नव्या गाड्याही आल्या आहेत. पण आम्ही हौसेने जुनीच घेतली.

चालक पन्नाशीचे होते. तिकडे थोरल्या भावाला ‘दाजू’ म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना दाजूच म्हणू लागलो. निघतानाच ते म्हणाले, “आज तुमलिंगला मुक्काम करा, उद्या माथ्यावर जाऊ. शरीराला उंचीची सवय होऊ द्या.” मी मनात हिशेब मांडला. एक दिवस वाचेल, एका मुक्कामाचा खर्च वाचेल. “आजच वर पोहोचू,” मी सांगून टाकले. दादांनी नेहमीप्रमाणे माझ्या शब्दाला मान दिला.

गाव सुटताच चढ अंगावर आला. दाजूंनी लाल गोळ्याचा आखूड दांडा ओढला आणि इंजिनाचा सूर बदलला. या दांड्याने गाडी ‘लो’मध्ये जाते, वेग माणसाच्या चालीइतका उतरतो, पण चाकांचा जोर कित्येक पटींनी वाढतो. गाडी दगडादगडावर चाक ठेवीत, जणू विचार करीत चढत होती. चित्रे, मेघमा, तुमलिंग अशी गावे मागे पडली. रस्ता भारत-नेपाळ सीमेच्या कडेकडेनेच जातो. तुमलिंग तर नेपाळच्या हद्दीतच आहे. पुढे गैरीबासपर्यंत तो खाली उतरतो. मोठ्या कष्टाने मिळविलेली उंची गमवावी लागते आणि पुन्हा पहिल्यापासून चढावे लागते. “धंद्यातही असेच असते,” दादा हसून म्हणाले. त्यांचे ते शेवटचे हसणे.

काळीपोखरीला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. काळसर पाण्याचा लहानसा तलाव, भोवती फडफडणाऱ्या पताका. बौद्ध बांधव या जागेला पवित्र मानतात. आम्ही उतरलो, पण दादा गाडीतच बसून राहिले. डोके जड झाले होते, डब्यातील दशमी त्यांनी परत केली होती आणि थोड्याच वेळात त्यांना उलटी झाली. तरीही ते म्हणाले, “मला काही झालेले नाही. चला पुढे.” माथा अवघा सहा किलोमीटर उरला होता. वाचकहो, लाज वाटते, पण खरे ते सांगतो. माझ्याही तोंडून निघाले, “दादा, थोडाच वेळ कळ काढा.”

दाजूंनी इंजिन बंद केले. “भाड्याचे पैसे हवे तर परत घ्या,” ते शांतपणे म्हणाले, “पण या माणसाला मी आणखी वर नेणार नाही.” माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. तेथे जुन्या इंजिनाची धाप लागते, तशी माणसाचीही. डोकेदुखी, अन्नावरची वासना उडणे, मळमळ ही लक्षणे दिसली, की आणखी उंचावर जायचे नसते आणि त्रास वाढू लागला तर विनाविलंब खाली उतरायचे असते. हे मी वाचलेले होते. वाचलेले आठवले नाही. हिशेब तेवढा आठवला.

आम्ही गैरीबासला परतलो. उतारावर दाजूंनी पुन्हा तोच लाल दांडा ओढला. अशक्त आवाजात दादांनी विचारले, “उतरताना कशाला? ब्रेक आहेत ना?” दाजू म्हणाले, “लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. ज्या गिअरने चढावे, त्याच गिअरने उतरावे. मग इंजिनच चाकांना आवरून धरते.” दादा बराच वेळ त्या दांड्याकडे पाहत राहिले.

तिकडे कार्तिकात पाचच्या आतच सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी दादांनी स्वतःहून गरम वरणभात मागितला, तेव्हा वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. रात्रभर मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून जागा होतो.

पहाटेपर्यंत दादा पूर्ण सावरले होते. “तुम्ही दोघे वर जाऊन या,” असा त्यांनी आग्रह धरला. पण आम्ही गेलो नाही. परतीच्या वाटेवर तुमलिंगचा चढ चढून गाडी थांबली आणि समोर कांचनगंगा उभी होती. ८,५८६ मीटर उंचीचे ते शिखर कोवळ्या उन्हात उजळले होते. दादा वहिनींचा हात धरून कितीतरी वेळ उभे होते.

तेव्हा, आपण अशा रस्त्याने वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल, तर मधला मुक्काम वाचवू नका, एक दिवस हाती राखून ठेवा आणि चालकाचा शब्द अखेरचा माना. माथा कोठे जात नाही.

घरी आल्यावर दादांनी माझ्या मुलाला सांगितले, “मी रोज दोन तास दुकानात येईन. गल्ल्यावर तूच बसायचे. मी एकदम सोडणार नाही आणि तुझा हातही धरून ठेवणार नाही.” मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “हळूहळू उतरेन. त्याच गिअरने.”