एक लिटर म्हणजे किती, बाय?

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख लिहिते म्हटल्यावर मैत्रिणींनी भराभर विषय सुचवले. मैत्री, पहिला पाऊस, 'प्लेसमेंट आणि आपण'. मी विषय घेतला जुलाब. नाक मुरडू नका! आपल्या हॉस्टेलवरच्या एकाने तरी छातीवर हात ठेवून सांगावं की जुलै-ऑगस्टात माझं पोट एकदाही बिघडलं नाही. मी हा लेख परत घेते. कर्जतचा पाऊस सुरू झाला की नळाला गढूळ पाणी, मेसच्या डाळीत जादा पाणी, आणि मग रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये पळापळ. तेव्हा विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे (जिव्हाळ्याच्या थोडा खालचा आहे, इतकंच).

आता गंमत सोडून मुद्द्यावर येते. जुलाबावरचं औषध स्वस्त आहे, उत्तम आहे, नेरळपासून खोपोलीपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. पण ते ज्या पाकिटात मिळतं ते पाकीट, ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्या माणसाचा विचार करून बनवलेलंच नाही. माझी तक्रार औषधाबद्दल नाही, पाकिटाबद्दल आहे.

हे लिहिताना टेबलावर ओआरएसची तीन पाकिटं ठेवली आहेत. तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. समोर मोठं नाव, त्याखाली रसाळ संत्रं. मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. किती पाण्यात घालायचं ही सगळ्यात महत्त्वाची ओळ घटकद्रव्यं, बॅच नंबर आणि कंपनीचा पत्ता यांच्या गर्दीत कुठेतरी हरवलेली. एका पाकिटावर एक्स्पायरीचा शिक्का नेमका त्याच ओळीवर बसलाय. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी आम्हाला नावापुरतं, बाकी सगळं इंग्लिशमध्ये. म्हणजे हे पाकीट ज्यांच्यासाठी छापलंय त्यांतलीच मी. तरी ट्यूबलाइटखाली डोळे बारीक करून वाचावं लागलं. मग लाइट गेलेल्या वाडीत, पोर रडत असताना, ज्या आईला ही भाषाच येत नाही तिने काय करायचं?

हा प्रश्न मला घरबसल्या सुचलेला नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या मेसच्या मावशींनी तो विचारला. त्यांच्या नातवाला जुलाब लागले होते. मेडिकलमधून आणलेली पुडी त्यांनी पदराच्या गाठीतून काढली आणि म्हणाल्या, "बाय, ह्याच्यात पाणी किती घालायचा, तेवढा वाच." मी वाचून सांगितलं, "एक लिटर, मावशी." त्यावर त्या म्हणाल्या, "एक लिटर म्हणजे किती, बाय? आमच्याकडं तांब्या हाय." घरी त्या अर्धी पुडी एका पेल्यात घालून पाजत होत्या. पुडी महाग, वाया जायला नको, आणि जितकं घट्ट तितकं गुणकारी असा त्यांचा हिशोब. आपण इंजिनिअर लोकही चहात साखर वाढवताना याच हिशोबाने चालतो!

पण हे औषध त्या हिशोबाने चालत नाही. त्याचं सगळं काम प्रमाणावर आहे. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही जोडगोळी १९६० मध्ये मांडली. जुलाबातही हा दरवाजा बहुतेक वेळा चालू राहतो, म्हणून नुसतं पाणी जिथे टिकत नाही तिथे हे पाणी टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, साधं मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी २४५, आपल्या रक्ताची साधारण २९०. द्रावण रक्तापेक्षा पातळ, म्हणून पाणी आत जातं.

आता आकडेमोड करा. तीच पुडी ७५० मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतली तर ३२७. म्हणजे रक्तापेक्षा घट्ट. अर्धी पुडी २०० मिलीच्या पेल्यात घातली तर ६१२. अख्खी घातली तर १२२५! असं पाणी पोटात गेलं की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात उतरतं. जुलाब वाढतात, वर रक्तात सोडियम चढतं. आणि भीतभीत चिमूटभर घातली तर औषध घेतल्यासारखं वाटतं, पण क्षार पोचत नाहीत. भर म्हणून बाजारात २०० मिलीसाठीच्या छोट्या पुड्याही आहेत, त्यांच्यावरही तेच नाव आणि तेच संत्रं.

खरं तर ओआरएसच्या इतिहासात पाकिटाचा मान मोठा आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायला लावलं. कलकत्त्याला लायब्ररीच्या खोलीत पिशव्या भरायच्या, गरम इस्त्रीने तोंड बंद करायचं आणि छावणीत न्यायच्या. तिथे ड्रममध्ये कालवून नातेवाईकच रुग्णांना मगाने पाजत. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. पुढे सोडा घातलेली पुडी दमट हवेत तपकिरी पडते, तिचे गोळे होतात, म्हणून १९८० च्या दशकात सोड्याच्या जागी सायट्रेट आलं. म्हणजे पाकीट पावसाळ्यात टिकावं म्हणून औषधाची केमिस्ट्री बदलली! एवढा विचार झाला. मग पाकीट उघडणाऱ्या माणसाचा का होऊ नये?

गोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मेडिकलमध्ये "जुलाबाची गोळी द्या" म्हटलं की कात्री येते आणि पट्टीतून दोन गोळ्या कापून हातात पडतात. एक्स्पायरी पट्टीच्या एका टोकाला, नाव मध्ये, किंमत तिसरीकडे. आपल्या वाट्याला येतो मधला तुकडा. त्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं! लोपेरामाइड असेल तर ती आतड्याची हालचाल मंदावते. ताप असेल, शौचातून रक्त पडत असेल तर ती घ्यायची नसते आणि लहान मुलांना आपल्या मनाने द्यायची नसते. यातलं एक अक्षर त्या तुकड्यावर नसतं. अमेरिकेत याच गोळीचा नशेसाठी गैरवापर होऊ लागला, तेव्हा तिथल्या एफडीएने २०१९ मध्ये एका खोक्यात ४८ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि प्रत्येक गोळी वेगळी सीलबंद हवी, असे बदल मंजूर केले. पाकीट बदलून वापर बदलता येतो हे त्यांना पटलं. आपल्याकडे निदान प्रत्येक गोळीमागे नाव आणि तारीख छापता येणार नाही का? बिस्किटांवर नक्षी उठवणाऱ्या देशाला एवढं अवघड नसावं.

आणि नावांचा घोळ! 'ओआरएस' ही अक्षरं नावात घालून भरपूर साखरेची पेयं वर्षानुवर्षं मेडिकलच्या काउंटरवर विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध काही वर्षं एकहाती लढा दिला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या एप्रिलमध्ये अशा नावांना मनाई केली. जुलैत मात्र 'हे जागतिक आरोग्य संघटनेचं ओआरएस नाही' अशी सूचना छापण्याच्या अटीवर सूट दिली. म्हणजे पुन्हा बारीक अक्षरंच! अखेर १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ती सूट काढून घेतली. ठळक अक्षरांत केलेला घोटाळा बारीक अक्षरांनी निस्तरत नाही, एवढं यातून शिकावं.

काही जण म्हणतील, पाकिटावर जागा कुठे आहे? संत्र्याला आहे की! दुसरं म्हणतील, खर्च वाढेल. यावर मी शेतीच्या औषधांकडे बोट दाखवेन. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्याबरोबरचं माहितीपत्रक हिंदी-इंग्रजीशिवाय त्या भागातल्या भाषेतही द्यावं लागतं आणि विष किती जहाल ते लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाने दाखवावं लागतं. भातावर मारायच्या विषाची माहिती मराठीत मिळते, आणि पोराला पाजायच्या औषधाची नाही. हा काय न्याय झाला?

तिसरं म्हणणं असं की लोकांनाच शिकवा. जरूर शिकवा. बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायकांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर जाऊन मूठभर गूळ, तीन बोटांची चिमूट मीठ आणि अर्धा शेर पाणी हे माप आयांना शिकवलं. आपल्याकडेही जुलै-ऑगस्टात आशाताई लहान मुलं असलेल्या घरी ओआरएसची पुडी आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या देतात, समजावून सांगतात. पण पुडी उघडली जाते ती मध्यरात्री, तेव्हा आशाताई जवळ नसतात. कर्जत-खालापूरच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतली किती माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात; तिथे तर तीही सोय नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत करणाऱ्यांना डोंगर पायी चढून जावं लागलं, हे आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जिथे गाडी जात नाही अशा ठिकाणी कशेळ्याचं किंवा चौकचं रुग्णालय गाठेपर्यंत डॉक्टर, नर्स, कंपाउंडर सगळं काही ती पुडीच असते. मग तिला बोलता आलं पाहिजे, आणि तेही मावशींच्या भाषेत.

आता आपण काय करायचं? झाम्बियात 'किट यामोयो' नावाची जुलाबाची पेटी निघाली. तिचं प्लॅस्टिकचं खोकं हेच माप! त्यात २०० मिलीची पुडी रिकामी करायची, रेघेपर्यंत पाणी भरायचं, झालं. साध्या एक लिटरच्या पुडीपेक्षा कितीतरी जास्त घरांत प्रमाण बरोबर आलं. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचं बक्षीसही मिळालं. यात रॉकेट सायन्स नाही, आपल्या मेकॅनिकलच्या मुलांच्या हातचं काम आहे. दरवर्षी लाइन फॉलोअर रोबो करणाऱ्यांपैकी एका ग्रुपने तरी फायनल इयरला अशी पुडी करून दाखवावी. पण व्हायवा घ्यायला एक्स्टर्नलबरोबर मेसच्या मावशींना बसवा. त्यांना न विचारता वापरता आली तर पास.

तोवर सोपं काम. मिनरल वॉटरची रिकामी बाटली एक लिटरची असते, आणि आपल्या कचऱ्यात ती रोज सापडते. ती स्वच्छ धुवायची आणि मराठीत चित्रांचं स्टिकर लावायचं: अख्खी पुडी, भरलेली बाटली, उकळून गार केलेलं पाणी, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. खाली ठळक: रक्त पडलं, लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, मूल पिईनासं झालं तर थांबू नका, दवाखाना गाठा. पुडी नसेल तर त्याच बाटलीला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा. आणि मिठाची पेज तर आपल्या रायगडात घरोघरी होतेच. वॉर्डन मॅडमनी हॉस्टेलच्या प्रथमोपचार पेटीत अशा चार बाटल्या ठेवाव्यात आणि एनएसएसच्या कँपने शंभर बाटल्या वाड्यांवर न्याव्यात, अशी माझी विनंती. मेडिकलवाल्यांनाही सांगूया, काका, तारखेचं टोक कापू नका, नाहीतर तारीख कागदावर लिहून द्या.

मावशींचा नातू बरा आहे. त्यांना मी बाटली दाखवली, एवढंच. पण प्रत्येक मावशीच्या मेसमध्ये इंग्लिश वाचणारी मुलगी असेलच असं नाही, आणि असावी लागू नये. बघा, पटतंय का!