विश्लेषण : शाळा सुटल्यावर मैदानाला कुलूप का?

मुंबईत मुलांना खेळायला जागा नाही, ही तक्रार जुनी आहे. मात्र त्याच मुंबईत जवळपास प्रत्येक वस्तीत एक मोकळी जागा अशी असते, की जी संध्याकाळी, रविवारी आणि संपूर्ण मे महिना बंद असते. ती म्हणजे शाळेचे मैदान किंवा पटांगण. शाळेच्या वेळेनंतर ही मैदाने परिसरातील मुलांसाठी खुली करावीत, अशी मागणी अधूनमधून होते, त्यावर चर्चा होते आणि फाटक बंदच राहते. असे का होते आणि हे कुलूप उघडण्यासाठी काय करावे लागेल, याचा हा आढावा.

मोकळ्या जागांची स्थिती काय?

मुंबईत दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे अनेक वर्षांपासून सांगितले जाते. म्हणजे माणशी एका कॅरमबोर्डापेक्षा थोडी मोठी जागा. केंद्र सरकारच्या नगररचनेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण दरडोई १० ते १२ चौरस मीटर असावे, असे म्हटले आहे. हा फरक नवी मैदाने तयार करून भरून निघणार नाही. विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेला भूखंड ताब्यात घ्यायचा, त्यावरील अतिक्रमण हटवायचे, मोबदला द्यायचा, यात एका मुलाचे अख्खे बालपण निघून जाते.

दरम्यान, जागेची ही टंचाई बाजाराने ओळखली आहे. उपनगरांत जाळी लावलेली कृत्रिम हिरवळीची टर्फ उभी राहिली. तिथे तासाला हजार-दीड हजार रुपये मोजले की खेळता येते. ज्यांना ते परवडत नाही, ती मुले दोन रिक्षांच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात किंवा मोबाइल हातात घेतात. पाच ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी एक तास तरी दमवणारी शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास कुठे घालवायचा, हा प्रश्न त्यांच्या पालकांसमोर आहे.

शाळेची मैदाने खरोखर रिकामी असतात का?

काही वेळा नसतात, हे आधी मान्य करायला हवे. मुंबईतील बहुतेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पटांगणात शाळेचीच वर्दळ असते. त्यामुळे रोज दुपारी मैदान खुले करा, ही मागणी व्यवहार्य नाही. प्रश्न आहे तो संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेचा, रविवारचा आणि सुट्ट्यांचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरणे आवश्यक आहे. शाळा त्याहून काही दिवस अधिक भरली, तरी वर्षातील सुमारे चार महिन्यांइतके दिवस शाळेला मैदानाची गरज नसते. त्यातली मे महिन्याची सुट्टी ही तर मुलांच्या खेळाचा खरा हंगाम. नेमके तेव्हाच फाटकाला कुलूप असते.

कायदा आणि धोरण काय सांगते?

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असणे आवश्यक मानले आहे. मैदानाशिवाय शाळा असूच शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात स्पष्ट केले. परंतु हे सारे शाळेतील विद्यार्थ्यांपुरते. शाळेच्या वेळेबाहेर ते मैदान कोणाचे, यावर कायदा काही सांगत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मात्र शाळेच्या वेळेनंतर शाळेच्या वास्तूचा वापर ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून व्हावा, अशी सूचना आहे. म्हणजे धोरणाची दिशा अनुकूल आहे, उणीव आहे ती अंमलबजावणीच्या नियमांची.

शिवाय शाळा ही सार्वजनिक वास्तू आहे, हे आपण एरवी सहज मान्य करतो. मतदानाच्या दिवशी शाळा सर्वांसाठी उघडते. मुसळधार पावसात घरात पाणी शिरले की लोकांची सोय पालिकेच्या शाळेत होते. अनेक खासगी शाळांची मैदाने आणि सभागृहे लग्नासाठी, गरब्यासाठी भाड्याने मिळतात. तेव्हा सुरक्षेचा, स्वच्छतेचा प्रश्न सुटतो. परिसरातील मुलांनी चेंडू घेऊन आत येऊ का, असे विचारले, की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मग मुख्याध्यापक नकार का देतात?

त्यांचा नकार आडमुठेपणाचा नाही. रविवारी संध्याकाळी पटांगणात एखाद्या मुलाचा हात मोडला, वर्गाच्या काचा फुटल्या, सोमवारी आवारात दारूच्या बाटल्या सापडल्या, तर जाब मुख्याध्यापकांनाच विचारला जातो. बदलापूर येथील शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये उघड झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळांच्या आवारात कोण येते-जाते, याबाबतची धास्ती वाढली आणि ती रास्त आहे. राज्य सरकारने त्यानंतर शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बंधनकारक केले. अशा वातावरणात जबाबदारी आपली, अधिकार कोणाचा ते माहीत नाही, अशा स्थितीत कोणताही मुख्याध्यापक फाटक उघडणार नाही.

पालिकेच्या शाळांत आणखी एक गुंता आहे. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरतात. मुख्याध्यापक वेगळे, इमारतीची देखभाल पाहणारा विभाग वेगळा, उद्यानांचा विभाग आणखी वेगळा. पटांगणाची किल्ली नेमकी कोणाकडे, याचे एक उत्तर मिळत नाही.

अन्य शहरांनी काय केले?

न्यूयॉर्कने हा प्रश्न किल्लीपासूनच सोडवला. तिथे १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून शाळा आणि उद्यान विभाग यांनी मिळून चालवलेली मैदाने आहेत. शाळेच्या वेळेत मैदान शाळेचे, इतर वेळी सर्वांचे आणि देखभाल उद्यान विभागाची, अशी ही वाटणी. पुढे २००७ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात प्रत्येक रहिवाशाच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर उद्यान किंवा मैदान असावे, असे उद्दिष्ट ठरले. जमीन विकत घेणे अशक्य असल्याने शाळांची पटांगणे खुली करण्याची मोहीम हाती घेण्यात आली आणि २००हून अधिक पटांगणे संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी लोकांसाठी उघडली.

पॅरिसमध्ये निमित्त उष्णतेचे होते. तिथे डांबरी पटांगणे उखडून झाडे, माती आणि सावली आणण्याचा ‘ओॲसिस’ प्रकल्प सुरू झाला. त्यातील काही पटांगणे शनिवारी परिसरातील कुटुंबांसाठी खुली केली जातात. दोन्ही शहरांत एक गोष्ट समान आहे. मैदान उघडण्याचा निर्णय मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. शहराच्या प्रशासनाने तो घेतला आणि त्याचा खर्चही उचलला.

मुंबईत सुरुवात कुठून करता येईल?

सर्व शाळांना एकाच आदेशाने मैदाने खुली करायला लावणे हा सर्वात सोपा आणि सर्वात निरुपयोगी मार्ग ठरेल. सुरुवात पालिकेच्या शाळांपासून व्हायला हवी, कारण जमीनही पालिकेची आणि शाळाही पालिकेची. प्रत्येक विभाग कार्यालयाच्या हद्दीत, इमारतीपासून वेगळे करता येईल असे पटांगण असलेल्या दोन-तीन शाळा निवडाव्यात. मैदानासाठी स्वतंत्र फाटक, वर्गांच्या बाजूने जाळी, दिवे, पिण्याचे पाणी, बाहेरून वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि ठरलेल्या वेळेत हजर असणारा सुरक्षारक्षक, एवढी तयारी पुरेशी आहे. शाळा सुटल्यानंतर मैदानाचा ताबा लेखी स्वरूपात विभाग कार्यालयाकडे जावा. त्या वेळेतील अपघात, मोडतोड आणि साफसफाईची जबाबदारीही त्यांचीच असावी. सोमवारी सकाळी मैदान स्वच्छ मिळेल, याची हमी मुख्याध्यापकांना मिळायला हवी. ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक अर्थसंकल्प (२०२५-२६) मांडणाऱ्या महापालिकेला हा खर्च जड जाऊ नये.

खासगी शाळांचे काय? सवलतीच्या दरात सरकारी किंवा पालिकेची जमीन मिळालेल्या शाळांच्या भाडेपट्ट्यांतील अटी पालिकेने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर कराव्यात. लोकांसाठी मैदान खुले ठेवण्याची अट कुठे असेल, तर ती तिथे लागू करावी. बाकीच्यांना देखभालीचा खर्च देऊन सोबत घ्यावे.

धोके कोणते?

पहिला धोका, खुले झालेले मैदान बळकावले जाण्याचा. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणाचा मुंबईचा अनुभव कडू आहे. काही ठिकाणी राजकीय नेत्यांशी संबंधित संस्थांनी मैदानांचे क्लब केले. २०१६ मध्ये या धोरणाला स्थगिती द्यावी लागली. त्यामुळे शाळेचे मैदान ना कोणत्या मंडळाला चालवायला द्यावे, ना प्रशिक्षण अकादमीला. प्रवेश मोफत असावा आणि मंडप, सभा, लग्ने यांना पूर्ण मज्जाव असावा.

दुसरा धोका कमी बोलला जातो. मैदान उघडले की पहिल्याच आठवड्यात तिथे मोठ्या मुलांचे क्रिकेट सुरू होते. लहान मुले कडेला सरकतात आणि मुली घरी परततात. हे टाळायचे तर काही वेळ केवळ मुलींसाठी आणि काही वेळ लहान मुलांसाठी राखून ठेवावा लागेल. हे वेळापत्रक शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे. या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असणे कायद्याने आवश्यक आहे. कोणत्या वेळी मुलीला खेळायला पाठवता येईल, हे आयांना विभाग कार्यालयापेक्षा नक्कीच जास्त कळते.

शाळांची मैदाने खुली केल्याने मुंबईची मोकळ्या जागांची टंचाई संपणार नाही आणि नव्या मैदानांची मागणी सोडून देण्याचेही ते कारण होऊ नये. पण यासाठी एकही भूखंड संपादित करावा लागत नाही. किल्ली कोणाकडे आणि जबाबदारी कोणाची, एवढे ठरवायचे आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीआधी ते काही शाळांत जरी ठरले, तरी त्या भागातील मुलांना रिक्षांच्या मधून चेंडू काढावा लागणार नाही.