तीनशे विड्यांचा कर

गेल्या महिन्यात वस्तीतल्या बचत गटाची एक बैठक ठरवायला मला नऊ दिवस लागले. बायका अकरा आणि मला हवा होता फक्त एक तास.

ही सोलापुरातली विडी कामगारांची वस्ती. सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या कारखान्यात न्यायच्या, तिथे त्या तपासून होईपर्यंत थांबायचं, नापसंत विड्या बाजूला निघाल्या की मुकाट बघायचं, पान-तंबाखू घेऊन घरी यायचं. हे रोजचंच. त्यावर बाकीच्या वेळा येऊन आदळतात. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं; आणि येईल त्या दिवशी किती वाजता, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून तो दिवस अख्खा नळाचा. रेशन दुकानात मशीन चालू झाल्याची कुणकुण लागली की पिशवी घेऊन पळायचं. बँकेत जायचं तर दुपारी, आणि दुपारीच अंगणवाडीतून पोर घरी येतं. शेवटी बैठक झाली शनिवारी रात्री नऊला. निम्म्याजणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या.

विषय होता ‘सरकारकडे पैसा येतो कुठून?’ मी सुरुवात करण्याआधीच एक अक्का म्हणाल्या, “पगारवाले कर भरतात, त्यातून येतो. आम्ही कुठं भरतो? आम्ही फुकट खाणारे.”

हे ‘फुकट’ मला फार लागलं. कारण तो शब्द त्यांचा नव्हे. तो मी आमच्याच घरी, भावाच्या दिवाणखान्यात ऐकलेला आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये सुरू झाले, तेव्हापासून तर सुशिक्षित घरांतून तो अगदी सहज ऐकू येतो: ‘आमच्या करावर चाललंय सगळं.’

बैठकीत मी आधी साबणाची वडी दाखवली. जीएसटी २०१७ च्या जुलैत आला तेव्हापासून साबणावर १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. ही आठ वर्षं अक्कांनी आणि माझ्या भावाने एकाच वडीवर एकसारखाच कर भरला, मिळकत कितीही वेगळी असो. सॅनिटरी नॅपकिनवरचा १२ टक्के कर बायकांनी ओरड केल्यावर जुलै २०१८ मध्ये गेला. पण हे सगळं आपण शिबिरांतून सांगतोच. त्या रात्री मला सुचलं ते वेगळं.

मी अक्कांना विचारलं, “परवा रेशनला किती वेळ गेला?” त्या म्हणाल्या, दोन खेपा, मिळून तीन तास. पहिल्या खेपेला अंगठाच उमटला नाही. वर्षानुवर्षं विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. “तीन तासांत किती विड्या होतात?” “तीनशे तरी.”

म्हणजे अक्कांनी त्या दिवशी तीनशे विड्यांची मजुरी दिली. कुणाला दिली? दुकानदाराच्या खिशात ती गेली नाही, तिजोरीतही जमा झाली नाही. पण त्यांच्या घरातून ती गेली, आणि सरकारी व्यवस्थेने धड काम केलं नाही म्हणून गेली. मी याला करच म्हणते. पावती नसलेला कर. पगारदाराचा कर कापून जातो, त्याचा फॉर्म मिळतो, जास्त कापला गेला तर परत मिळतो. अक्कांचे तीन तास कोणत्या खिडकीवर परत मागायचे?

आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यावं आणि खडी फोडणाऱ्या बाईला काम मिळावं, ही त्यामागची कल्पना मला आजही न्याय्य वाटते. पण या कराला राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. महिना वीस हजार मिळवणारा पुरुष २,५०० भरतो, दोन लाखवालाही तेवढेच. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ झाला, हे चांगलंच झालं; विडी वळणारीला मात्र त्याने काही फरक पडला नाही. मला त्यातली मर्यादा महत्त्वाची वाटते. पैशाने भरायच्या कराला वरची हद्द आहे. वेळेने भरायच्या कराला ती कुणी घातली?

आणि हा कर घरातल्या बाईनेच भरायचा, हे तर गृहीतच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. नळाची वाट बघणं यात कुठे धरलं असेल कोण जाणे. बाई वाट बघत असते तेव्हाही तिचे हात चालूच असतात. २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. नंबर येणार त्याच्या फोनवर, तो कामावर, हिची खेप वाया. विधवा आणि टाकलेल्या बायकांचं काय झालं ते आपल्यापैकी अनेकींनी पाहिलं आहे.

इथे आपल्याही कानाला खडा लावायला हवा. आपण प्रशिक्षणं कधी ठेवतो? सकाळी अकरा ते पाच. मोर्चा कधी काढतो? साहेब कार्यालयात असतील तेव्हा. दिवस बुडाला तर चहा-बिस्किटावर भागवतो आणि वर ‘बायका येत नाहीत’ असं अहवालात लिहितो. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत.

बैठकीत पैशाच्या वहीशेजारी एक दुसरी वही सुरू झाली. तिच्यात तारीख, कुठे गेलो, किती वेळ थांबलो आणि काम झालं की नाही, एवढंच लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मुली लिहितात. ती घेऊन आम्ही महापालिकेत आणि पुरवठा कार्यालयात जाणार आहोत. नळाची वेळ आदल्या दिवशी कळवा आणि ती पाळा. रेशन दुकान संध्याकाळीही उघडं ठेवा. अंगठा उमटला नाही तर परत पाठवू नका, दुसऱ्या मार्गाने धान्य द्या आणि का नाकारलं ते लिहून द्या, अशा मागण्या आहेत. यातल्या एकीलाही नवा कायदा लागत नाही.

भेटीची वेळ मागितली तर साहेबांनी बुधवारी सकाळी अकराची दिली. अक्का म्हणाल्या, “ताई, त्यांना सांगा, त्या दिवशी आमचं पाणी आहे.”