उष्टावण झाले, पुढे काय?

बाळाला सहावा-सातवा महिना लागला की मामाच्या मांडीवर बसवून त्याला खीर चाटवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ही प्रथा शास्त्राला धरूनच आहे. पहिले सहा महिने आईचे दूध हाच पूर्ण आहार असतो. त्यानंतर मात्र ते एकटे पुरत नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही याच सुमारास संपत येतो. परंतु अनेक घरांत उष्टावणाचा समारंभ आटोपला की पुढे कित्येक महिने बाळाच्या वाट्याला येते ते वरणाचे पाणी, भाताची पेज आणि चहात बुडवलेले बिस्कीट. वाढ अडते ती येथेच.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. देशभरात ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के होती. हा केवळ गरिबीचा प्रश्न आहे असेही नाही. सधन घरांतही अशी खुंटलेली मुले आढळली.

याचे कारण साधे आहे. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण एक वाटीच मावते. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर पोट भरते, अंग भरत नाही. त्याऐवजी चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट मऊ खिचडी, कुस्करलेली भाजी, वर चमचाभर तूप किंवा तेल द्यावे. नाचणीचे सत्त्व, शेंगदाण्याचे बारीक कूट, उकडलेले अंडे, केळे हे सारे चालते. सुरुवातीला दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यानंतर तीन-चार वेळा भरवावे, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. चहा मात्र देऊ नये. त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. आजारपणातही अन्न तोडू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. मूल रोडावले की "आईला काही कळत नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक यातले बरेचसे तिने अंगणवाडीत ऐकलेले असते. पण "दात आल्याशिवाय घट्ट पचत नाही", "केळ्याने सर्दी होते" असे घरातील वडीलधारे म्हणाले की नव्या सुनेचे काय चालणार? कापूस वेचणीच्या दिवसांत ती सकाळीच शेतावर जाते. मग दुपारचे दोन घास भरवणार कोण? मोठी बहीण पाच रुपयांचा चटपटीत पुडा हातात देते आणि रडे थांबते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आहाराचा सल्ला एकट्या आईला देऊन भागणार नाही. आजी आणि वडील यांनाही अंगणवाडीच्या बैठकीस बोलवावे. दरमहा वजन झाल्यावर वाढीचा आलेख वडिलांनी स्वतः पाहावा. रेघ वर न जाता आडवी होऊ लागली की मूल आजारी दिसेपर्यंत थांबू नये. घरी बाळाची वाटी वेगळी ठेवावी, म्हणजे त्याने किती खाल्ले ते कळते.

पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे भरून काढणे फार अवघड असते. उष्टावणाला जमलेल्या साऱ्या गोतावळ्याने पुढची दीड वर्षे त्या वाटीकडे लक्ष द्यावे, एवढेच सांगणे.