बैडालव्रत कोणाचे?

'कुत्रा माणसाचा, मांजर घराचे' हे वाक्य आपल्याकडे निरीक्षण म्हणून उच्चारले जाते. आम्ही त्याला सबब म्हणतो. घर सोडून जाताना म्हातारे मांजर मागे ठेवायचे असेल, तर इतकी सुबक सबब दुसरी सापडणार नाही. कारण तीत टाकून देण्याचा दोष टाकणाऱ्याकडे न राहता मांजराच्या स्वभावाकडे जातो.

पुण्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि नागपूरला परतायचे ठरले, तेव्हा आमची मनी १४ वर्षांची होती. शेजारचे काका म्हणाले, "अहो, तिला कशाला नेता? मांजर ते. जिन्यात राहील, वॉचमन दूध घालेल. घर सोडून तिला करमायचे नाही." काका सज्जन आहेत, आणि आयुष्यभर त्यांनी साहित्य शिकवले आहे. (प्रौढ मांजराला दूध पचतेच असे नाही, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू.) त्यांच्या बोलण्यात आम्हांला एकटे काका ऐकू आले नाहीत, एक अख्खी परंपरा ऐकू आली.

ती परंपरा पाहा. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरासोबत अखेरपर्यंत चालतो तो कुत्रा, आणि त्याला सोडून स्वर्गात जायला धर्मराज नकार देतो. त्याच महाभारताच्या उद्योगपर्वात मांजराच्या वाट्याला काय येते? गंगातीरी तपाचे सोंग घेतलेला एक बोका उंदरांना सांगतो, की तपाने मी क्षीण झालो आहे, मला चालवत नाही, रोज नदीपर्यंत मला तुम्हीच पोहोचवा. उंदीर त्याला नेतात आणि एकेक करून नाहीसे होतात. अशक्त मांजराला कोणी उचलून नेल्याचा हा जुना प्रसंग, आणि त्यातला अशक्तपणा हेच कपट! मनुस्मृतीने दांभिकाला 'बैडालव्रतिक' हे नाव देऊन टाकले. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटातही एक मांजर तपस्व्याच्या पवित्र्यात उभे आहे, पायाशी उंदीर. वर्गात आपण हे सारे प्रतीक म्हणून शिकवतो, आणि ते प्रतीक आहेच. पण शतकानुशतके ज्याचा थकवा ढोंग म्हणूनच वाचला, त्याचा खरा थकवा दिसायला डोळे कुठून आणायचे?

बरे, भाषेची साक्ष तरी एकमुखी आहे का? मांजर आपल्या पिलांना सात घरे फिरवते, असे आपल्याच आज्या सांगत आल्या. श्रीवैष्णवांच्या तेंकलै पंथाने तर शरणागतीचा सिद्धान्तच या प्राण्यावरून समजावला: माकडिणीचे पोर आईला घट्ट धरून राहते, मांजरीचे पिलू काहीच करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून उचलते आणि नेते. मार्जारकिशोरन्याय तो हाच. ज्या प्राण्याकडून 'नेणे' म्हणजे काय हे आपण शिकलो, तोच म्हातारा झाल्यावर त्याला न्यायची पाळी आली की 'मांजर घराचे' आठवते.

परदेशी साहित्यातही पारडे कुत्र्याकडेच झुकते. जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाचा वयस्क पूडल घेऊन गाडीने अमेरिका फिरला; १९६२च्या त्या पुस्तकात चार्लीचे मूत्रविकारही आहेत, आणि वाचकाला ते हृद्य वाटतात. मांजराचा मूत्रविकार मात्र अडचण ठरतो.

अडचण आहे, हे आम्ही नाकारत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत १२ वर्षांवरील १०० मांजरांपैकी ९० जणांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्यांची झीज आढळली होती. मनीची मूत्रपिंडेही दुर्बल आहेत. म्हणून निघण्याआधी रक्ततपासणी झाली, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची घरीच एकदा चाचणी घेतली. (शेजारणीच्या सल्ल्याने झोपेची गोळी देणाऱ्यांविषयी आम्ही इथे लिहिणार नाही, सभ्यता सुटेल.) प्रवासाची पेटी तीन आठवडे आधीच बैठकीत उघडी ठेवली, आत तिचीच न धुतलेली गोधडी. निघण्याच्या पहाटे तिला उपाशीच ठेवले, पाणी मात्र मोजके पाजले. पेटी मागच्या आसनावर पट्ट्याने बांधली आणि वरून अर्धी झाकली.

सातशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. अहिल्यानगरपर्यंत ती ओरडत होती. तो आवाज ऐकताना काकांचे म्हणणे आम्हांला पटू लागले होते, हे कबूल करतो. छत्रपती संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्ग लागला आणि ती गप्प झाली. मग ओरडणे बरे होते असे वाटू लागले. दर दोन तासांनी थांबून, दारे-काचा बंद ठेवूनच पेटी उघडायची, पाणी दाखवायचे, श्वास पाहायचा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले तर ते कुत्र्यासारखे साधे हाशहुश नसते, धोक्याची खूण असते. बंद गाडीत तिला एकटे सोडायचे नाही, म्हणून जेवणही पाळीपाळीने. रात्री पोहोचल्यावर तिला एकाच खोलीत ठेवले. तीन दिवस ती पलंगाखाली होती.

मांजरे जुन्या जागेकडे परत जातात, हे खरेच आहे. त्यावरचा उपाय नव्या घरात काही आठवडे दार बंद ठेवणे हा आहे. जिन्यात सोडून देणे हा नव्हे. काही मांजरे प्रवास सोसू शकणार नाहीत इतकी आजारी असतात, हेही मान्य. तसे डॉक्टर म्हणाले तर मागे ठेवावे, पण माणसाकडे, औषधांच्या चिठ्ठीसह, खर्चाचे बोलून. 'वॉचमन बघेल' ही व्यवस्था नव्हे. वॉचमनला कोणी विचारलेलेही नव्हते.

परवा काकांचा फोन आला होता. ते आता मुलाकडे बाणेरला असतात. "मनीला घराची आठवण येते का हो?" त्यांनी विचारले. इमारत दिवाळीनंतर पाडली, तिथे सध्या पत्र्याचे कुंपण आहे, हेही त्यांनीच सांगितले.