नवा जिल्हा आणि जाम नदीचे दोन तीर



१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्ह्यातील आपला सौंसर-पांढुर्णा हा मराठीभाषक भाग मात्र मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी झाली, तरी घरातील मराठी, पोळ्याचा सण आणि संत्र्यांच्या बागा यांनी आपली ओळख टिकविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या भागाचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. शासन कार्यालये देईल, रस्ते देईल. परंतु एकोपा शासकीय आदेशाने निर्माण होत नाही, तो समाजालाच घडवावा लागतो.

या एकोप्याची कसोटी दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत लागते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. आणि मध्ये दगडांचा वर्षाव. शेकडो जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, दगडांऐवजी रबरी चेंडूंचा पर्याय दिला. पण लोकांनी तो स्वीकारला नाही. आमच्या मते याचे कारण स्पष्ट आहे. बाहेरून आलेला बदल समाजाला आपल्या श्रद्धेवरील आघात वाटतो. तो आतून, दोन्ही तीरांवरील वडीलधाऱ्यांच्या संमतीने यावयास हवा.

त्यासाठी नवे काही शोधण्याची आवश्यकता नाही. दिवसभरात झेंडा तुटला नाही, तर दोन्ही पक्ष आपसांत समेट करतात आणि तो चंडीमातेच्या मंदिरात अर्पण करतात. म्हणजेच समेट हादेखील परंपरेचाच भाग आहे. सायंकाळी, रक्त सांडल्यावर होणारा हा समेट सकाळीच का होऊ नये? पळस तोच, झेंडा तोच, माताही तीच राहील. केवळ दगड हातातून सुटेल.

दोन्ही गावांच्या ज्येष्ठांनी पोळ्यापूर्वीच मातेच्या दरबारी एकत्र बसून हा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. ज्या तरुणांच्या बळावर नवा जिल्हा उभा राहावयाचा, ते सणाच्या दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नव्हे, आपल्या घरी असावेत, हीच चंडीमातेच्या चरणी प्रार्थना.